वाळलेल्या शेंगेपासून सोन्याच्या सुईपर्यंत

'अलंकार ओळखा.' मराठीच्या प्रश्नपत्रिकेतला हा एक-दोन गुणांचा प्रश्न. लातूरमध्ये परीक्षेच्या तयारीची अशी काही शिस्त बसली की त्या पद्धतीलाच शहराचं नाव मिळालं, 'लातूर पॅटर्न'. तिथली तयारीची मुलं हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सोडवतात. 'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, 'नव्हे' दिसलं की अपन्हुती. झालं, पुढचा प्रश्न!

पण जरा थांबा. उत्तर लिहिण्याच्या आधी, डोळे नुसते ओळीवरून फिरत असतानाच, त्या मुलाच्या डोक्यात काहीतरी घडून गेलेलं असतं. एक गोष्ट दुसरी झालेली असते, आणि ती झाली याचं त्याला नवलही वाटलेलं नसतं. ते नेमकं काय घडतं, याचा छडा लावायला माणसं जवळजवळ दोन हजार वर्षं झटत आहेत.

आपण एक वस्तू घेऊ. लातूर म्हणजे सोयाबीनची मोठी बाजारपेठ, म्हणून सोयाबीनचीच एक वाळलेली शेंग घ्या. कानाशी नेऊन हलवा. आतले दाणे सुटे झालेले असतात, बारीक आवाज येतो. शेतावरची म्हातारी म्हणेल, "शेंग कशी खुळखुळ्यागत वाजतीय." झाली उपमा. चारही अंगं हजर आहेत: शेंग हे उपमेय, खुळखुळा हे उपमान, वाजणं हा दोघांतला समान धर्म, आणि 'गत' हा साम्य दाखवणारा शब्द. व्याकरणाच्या पुस्तकात 'सम, समान, परी, तुल्य' अशी यादी असते, आणि तिच्यातच 'वाणी' हा शब्दही असतो. म्हातारीच्या तोंडी तोच 'वानी' होऊन दिवसभर फिरत असतो. तिने ते पुस्तक कधी उघडलेलंही नसतं.

आता या वाक्याला थोडासा धक्का देऊ. 'ही शेंग जणू खुळखुळाच!' उत्प्रेक्षा. 'शेंगांचे खुळखुळे वाजू लागले.' रूपक. 'ही शेंग नव्हे, खुळखुळाच हा.' अपन्हुती. 'खुळखुळ्याहूनही शेंगेचा नाद गोड.' व्यतिरेक. 'शेंग म्हणावी की खुळखुळा?' ससंदेह. 'खुळखुळा समजून लेकराने शेंगच मुठीत धरली.' भ्रांतिमान. 'शेंगेच्या आवाजासारखा आवाज शेंगेचाच.' अनन्वय. 'शेंगा काढणीला हाका मारू लागल्या.' चेतनगुणोक्ती. शेंग तीच, आवाजही तोच. तरी प्रत्येक वाक्यात बोलणारा माणूस वेगळ्या जागी उभा आहे, हे लक्षात आलं का? उपमा देणारा शांत आहे, दोन्ही वस्तू त्याला वेगळ्या दिसतात. उत्प्रेक्षेत तो मोहात पडलाय. रूपकात पुरता हरवलाय. ससंदेहात गोंधळलाय, अनन्वयात हरखून गेलाय. उपमा म्हणजे शेजारच्या दोन घरांमध्ये ठेवलेलं दार. रूपकात मधली भिंतच पाडलेली असते.

आणि उपमेय पार लपवून टाकलं तर? मग होतं कोडं. 'अंगावर लव, पोटात मोती, वारा आला की गाणी गाती. ओळखा!' हे कोडं मी आत्ताच जुळवलं, पण घराघरांत रात्रीच्या अंधारात लहान मुलांना घातली जाणारी कोडी याच रीतीने बनतात. मूल 'शेंग!' असं ओरडतं तेव्हा ते काय करतं? अर्ध्या झाकलेल्या रूपकाचा हरवलेला अर्धा भाग शोधून आणतं. शाळेत जायच्या आधीच त्याची काव्यशास्त्राची पहिली परीक्षा झालेली असते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त ४ आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी 'कुवलयानंद' लिहिला तोवर ही संख्या शंभरावर गेली होती. एवढी फूट का पडत गेली? पंडितांना नावं ठेवण्याची हौस होती, हे थोडं खरं. पण खरं कारण आपण शेंगेवर पाहिलंच. शब्द तसूभर सरकला की मनाची जागा बदलते, आणि त्या जागांना अंत नाही.

आता एक फसवं वाक्य पाहा. 'रोही गायीसारखा दिसतो.' मराठवाड्यात पिकांत शिरणारी नीलगाय म्हणजे रोही. वाक्यात 'सारखा' आहे, दोन वस्तू आहेत, साम्यही आहे. मग उपमा झाली का? नाही! जुन्या काव्यशास्त्रज्ञांनी जवळपास हेच उदाहरण घेऊन वाद घातला होता. त्यांच्याकडे रोह्याच्या जागी गवय होता, म्हणजे गायीसारखा दिसणारा रानातला पशू. त्यांचं म्हणणं असं: इथे माहिती आहे, चमत्कार नाही. दोन प्राणी खरोखरच एकमेकांसारखे दिसत असतील तर ती नुसती ओळखपरेड. अलंकाराला दूरच्या दोन वस्तू लागतात, आणि त्या एकत्र आल्या की मनात लख्ख काहीतरी चमकावं लागतं. म्हणूनच खुणेचे शब्द पाठ करून अलंकार ओळखणारा कधी ना कधी फसतो. 'जणू' किंवा 'सारखा' ही फक्त दारावरची पाटी. आत कोणी राहतं का, हे आत जाऊनच पाहावं लागतं.

मग मन आत कसं जातं? यासाठी गोदावरीवर जाऊ. 'नांदेड गोदावरीवर वसलंय.' या वाक्याने तुम्हाला काही खटकलं? खटकायला हवं होतं! नदीवर शहर कसं वसेल? नदीवर नाव तरंगते, पान तरंगतं. सहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर पाण्यावर कसं राहील? तुमच्या मनाने शब्दशः अर्थ घेऊन पाहिला, तो बसत नाही हे जाणलं, शेजारचा 'काठ' उचलून आणला आणि वाक्य दुरुस्त केलं. हे सगळं तुमच्या नकळत झालं. संस्कृत पंडितांचं लाडकं उदाहरण गंगेवरच्या गवळीवाड्याचं होतं, आणि त्यावरून त्यांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या. सरळ अर्थ देते ती अभिधा. तो अडला की शेजारचा अर्थ आणते ती लक्षणा. आणि तिसरी व्यंजना. ती सर्वांत अद्भुत. 'काठावर' असं सरळ म्हणता आलं असतं, तरी 'गंगेवर' म्हटलं की त्या वस्तीला नदीचा गारवा आणि पावित्र्य आपोआप चिकटतं. हे कुठेही सांगितलेलं नसतं, तरी पोचतं! नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि न सांगता पोचणाऱ्या या अर्थाला कवितेचा आत्मा म्हटलं.

आता या पंडितांना साक्ष द्यायला एक प्रयोग येतो, हजारएक वर्षांनंतर. १९८२ साली सॅम ग्लक्सबर्ग, पॅट्रिशिया गिल्डिया आणि हॉवर्ड बुकिन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना पडद्यावर वाक्यं दाखवली आणि एकच काम दिलं: वाक्य शब्दशः खरं की खोटं, ते झटपट सांगा. अर्थहीन खोट्या वाक्यांना लोक पटकन 'खोटं' म्हणत. पण 'काही नोकऱ्या तुरुंग असतात' अशा धर्तीचं वाक्य आलं की उत्तराला उशीर होई. का? शब्दशः तेही तितकंच खोटं होतं. रूपकाचा अर्थ शोधा, असं कोणीच सांगितलं नव्हतं. उलट तो अर्थ त्यांच्या कामात अडथळाच होता. तरीही मन तो लावून मोकळं होत होतं! समोर आलेल्या ओळखीच्या चेहऱ्याकडे आपण 'अनोळखी' म्हणून पाहू शकत नाही, तसंच चांगल्या रूपकाचंही आहे. ते कळू न देणं आपल्या हातात नसतं.

म्हणजे अलंकार ओळखणं ही शाळेने शिकवलेली कसरत नाही. शाळा फक्त नाव सांगते. ओळख तर शाळेच्या आधीपासूनच चालू असते.

आता मराठवाड्यातलं सर्वांत झगमगतं रूपक पाहू, आणि तेही नांदेडमध्येच. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला होते. इथेच त्यांनी गुरूपद ग्रंथाला दिलं आणि इथेच त्यांचा अंत झाला. आज तिथे तख्त सचखंड हजूर साहिब उभं आहे. त्या गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं परंपरेने मानलेलं जन्मगाव नरसी, आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं, नांदेडपासून फारसं लांब नाही. या मातीतला माणूस पंजाबपर्यंत गेला, त्याचे शब्द ग्रंथात बसले, आणि तो ग्रंथ गुरू म्हणून पुन्हा याच मातीत विराजमान झाला. १,४३० पानांचा तो ग्रंथ न थांबता वाचला की सुमारे ४८ तास लागतात, त्याला अखंड पाठ म्हणतात. प्रत्येक अखंड पाठात नामदेवांची पाळी येते. काय विलक्षण प्रवास आहे हा!

त्या पदांपैकी आसा रागातलं एक पद पाहा. नामदेव शिंपी. ते सांगतात: माझं मन हा गज, माझी जीभ ही कात्री. मोजून मोजून मी यमाचा फास कापत चाललोय. पुढे सुई येते, दोरा येतो. सुई सोन्याची आणि दोरा रुप्याचा. आणि त्या दोऱ्याने चित्त हरीशी शिवलं जातं.

अलंकार कोणता? रूपक, आणि तेही साधं नाही. एका रूपकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, अशी शिंप्याची सगळी अवजारं येत जातात. याला सांगरूपक म्हणतात. परीक्षेपुरतं उत्तर इथेच संपतं. आपण पुढे जाऊ. जिभेला धार असणं हा आपल्याकडे गुण आहे की दोष? आपण म्हणतो, 'तिच्या जिभेला फार धार आहे', आणि ते काही कौतुक नसतं. नामदेवांनी तीच धार घेतली आणि कामाला लावली. नाम घेणारी जीभ मृत्यूचा फास कापते. एका निंदेच्या शब्दाचं असं सोनं करायला केवढी हिंमत लागते!

आता ती सुई. सोन्याच्या सुईने कधी कोणी कापड शिवलंय? सोनं मऊ, दोन टाक्यांत वाकून जाईल. हे जन्माने शिंपी असलेल्या माणसाला ठाऊक नसेल का? नक्कीच ठाऊक होतं. गज, कात्री इथपर्यंत दुकान खरं आहे, रोजचं आहे. सुईपाशी आलं की दुकानाचा हिशेब सुटतो आणि आनंद वर येतो. माझं मत विचाराल तर सबंध पदाचा सूर त्या अशक्य सुईत सापडतो. अलंकार जिथे व्यवहाराला धरून चालेनासा होतो, तिथे कवीचा भाव काठोकाठ भरलेला असतो. कवितेत सूर शोधायचा असेल तर आधी अशी जागा शोधावी. प्रतिमा कुठे अवघडते, कुठे 'असं कसं होईल?' हा प्रश्न पडतो? तिथेच थांबावं.

सूर ही खरी अवघड गोष्ट. अलंकाराला निदान नाव तरी आहे. सूर मात्र हाती लागता लागता निसटतो. दोनच शब्दांचं वाक्य घ्या: 'आला पाऊस.' अलंकार शून्य. आता हे वाक्य मृगात म्हणा. तापलेली काळी जमीन, पेरणीला थांबलेलं घर. वाक्य ऐकताच अंगावर काटा येतो. आता तेच ऑक्टोबरमध्ये म्हणा. सोयाबीन कापून झालंय, शेतात बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लागलीय, मळणी व्हायचीय आणि आभाळ भरून आलंय. ताडपत्री घेऊन धावणाऱ्या बाईच्या तोंडून निघालेलं 'आला पाऊस' ऐका. अक्षरही बदललेलं नाही. एकात हर्ष आहे, दुसऱ्यात काळजाचं पाणी झालंय.

भरतमुनींनी याला शब्द दिला होता: काकू. म्हणजे आवाजाच्या वळणाने बदलणारा अर्थ. त्यांनी त्याचे दोन प्रकारही केले. वाक्य संपलं तरी ऐकणाऱ्याला पुढे काही अपेक्षित राहतं ती साकांक्ष काकू, आणि अर्थ पुरा झाला ती निराकांक्ष. ऑक्टोबरातलं 'आला पाऊस' साकांक्ष आहे, 'आता कसं होणार?' हा प्रश्न त्याच्या शेपटीला लोंबकळतो. रंगभूमीसाठी लिहिलेल्या ग्रंथात आवाजाचा एवढा बारकाईने विचार झाला, हे स्वाभाविकच. रसाची कल्पनाही मुळात नाटकाचीच. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांना (१९३२-१९८२) नाट्यशास्त्राने आयुष्यभर झपाटलं होतं. नटाच्या देहातून आणि गळ्यातून उभा राहणारा रस कागदावरच्या कवितेत कसा उतरतो, हा प्रश्न आपणही विचारायलाच हवा. कारण छापील ओळीला गळा कुठे असतो?

त्या आधी एक आगगाडी पाहू. एप्रिल २०१६. लातूर शहराचं पाणी आटलं होतं. मिरजेहून पाण्याच्या वाघिणी भरून रेल्वे निघाली आणि सुमारे ३४० किलोमीटर चालून लातूरला आली. तिला नाव मिळालं 'जलदूत'. सरकारी कामकाजातलं नाव, पण ऐकताच कालिदासाचा 'मेघदूत' आठवतो ना? तिकडे ढग निरोप घेऊन जातो, इकडे गाडी पाणी घेऊन येते. दोन्हीकडे निर्जीव वस्तू माणसाचं काम करते. चेतनगुणोक्ती रुळांवरून धावत आली!

आणि कालिदासाने तर या अलंकाराचं गुपितच फोडून ठेवलंय. मेघदूताच्या सुरुवातीलाच तो म्हणतो, धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा गोळा म्हणजे ढग, तो कसला निरोप नेणार? निरोप न्यायला जिवंत, धडधाकट माणूस हवा. पण प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सजीव कोण नि निर्जीव कोण, हा भेदच उरत नाही. पाहा, कवी स्वतःच्या कल्पनेवरचा आक्षेप स्वतःच घेतो आणि उत्तर देतो. ढग दूत होतो तो निरोप धाडणाऱ्या यक्षाच्या विरहामुळे. आधी सूर आहे, अलंकार त्यातून जन्मतो. आपण शिकतो मात्र उलट क्रमाने: आधी अलंकार, मग वेळ उरला तर भाव.

आता छापील ओळीच्या गळ्याकडे येऊ. वा. रा. कांत हे नांदेडचे, जन्म १९१३. त्यांचं एक गीत श्रीनिवास खळ्यांच्या चालीत वसंतराव देशपांड्यांनी गायलं आणि ते महाराष्ट्रभर पोचलं. संध्याकाळी आभाळातून जाणारी बगळ्यांची रांग त्यांना माळ दिसते, आणि ती माळ फुलते. ओळखलं असेलच. रूपक सोपं आहे: रांग म्हणजे माळ. पण जरा अवघडलेली जागा शोधा. माळ फुलते का? फुलं फुलतात, आणि ओवली की कोमेजू लागतात. माळ फुलणं म्हणजे तोडलेलं पुन्हा जिवंत होणं. आभाळातल्या पांढऱ्या रांगेने हे साधतं, कारण ती उडता उडता लांबते, वळते, रुंदावते. डोळ्यांनी पाहिलेलं अगदी खरं, आणि अर्थाने अगदी अशक्य!

पण सूर अजून सापडला नाही. तो माळेत नाही, बगळ्यांतही नाही. तो दडलाय एका क्रियाविशेषणात, ज्याकडे अलंकार शोधणारा ढुंकूनही पाहत नाही. ती माळ 'अजुनी' फुलते. या जागी 'आज' घालून पाहा. संध्याकाळचं सुंदर दृश्य होतं. 'रोज' घालून पाहा. निसर्गाची नोंद होते. रूपक तिन्ही वेळा तेच राहतं, एका कणानेही हलत नाही. 'अजुनी' परत आणलं की लगेच दोन काळ उभे राहतात. ही रांग पूर्वीही पाहिली होती, तेव्हा सोबत कोणी होतं, आणि सगळंच काही तसं टिकलेलं नाही. त्यानंतर कवी भेटीची आठवण विचारतो, तेव्हा तो प्रश्न आपण आधीच ऐकलेला असतो. शास्त्र याला विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातलं प्रेम, म्हणेल, आणि ते नाव बरोबरच आहे. पण दोघांपैकी एक जण आता इथे नाही, हे त्या पहिल्या ओळीत कुठेही लिहिलेलं नाही. तरी ते ऐकणाऱ्याला तीन अक्षरांतून कळतं, आणि कळायला क्षणही लागत नाही.